आफ्रिकेत बिबट्याच्या शिकारीला पहिल्यांदा जाताय? रायफल, काडतूस आणि दुर्बीण कशी ठरवायची

बिबट्यासाठी कुठली रायफल घ्यावी असं कुणी विचारलं की गप्पा लगेच कॅलिबरवर, म्हणजे नळीच्या-गोळीच्या मापावर, जातात, .३०० बरी का .३७५ बरी, आणि मग तासभर तेच चालतं. मी बरीच वर्षं प्रिटोरियात राहतोय, झिम्बाब्वेच्या लोव्हेल्डमध्ये, म्हणजे तिथल्या सखल रानात, आणि नामिबियात लपणात, म्हणजे आमिषासमोर दडायच्या आडोशात, बसून कितीतरी संध्याकाळी काढल्यात, थोड्या स्वतःसाठी आणि जास्त दुसऱ्यांच्या सोबतीला, आणि माझं मत असं झालंय की कॅलिबर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड काय ते आधी डोळ्यासमोर आणा. साठ मीटरवर एक झाड, त्याच्या आडव्या फांदीला आमिष म्हणून तारेनं बांधलेलं इम्पाला हरणाचं धड, सूर्य बुडून पंधरा मिनिटं झालीत, तुम्ही अडीच तास न हलता बसलाय, आणि मघाशी मोकळ्या असलेल्या फांदीवर आता काहीतरी लांबट पडलेलं दिसतंय, येताना आवाज काहीच झाला नाही. तिथं एकच गोळी मिळते. ती नीट बसली तर काम तिथंच संपलं. पोटात बसली तर पुढच्या अर्ध्या तासात गवतात तुम्ही जात नाही, पीएच जातो आणि त्याचा मागकाढ्या जातो. पीएच म्हणजे प्रोफेशनल हंटर, परवानाधारक शिकारी, तिथं सगळे पीएचच म्हणतात. तुमच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या खांद्याला, मानेला मोजावी लागते, म्हणून सामान निवडताना हीच एक गोष्ट मनात ठेवून निवडायचं.

आधी देश, मग रायफल

बरेच जण उलटं करतात, रायफल घेऊन टाकतात आणि मग नियम वाचतात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जो सायटिस करार आहे त्याच्या पहिल्या परिशिष्टात बिबट्या आहे, त्यामुळे ट्रॉफी, म्हणजे शिकारीचं कातडं-डोकं, बाहेर न्यायला देशागणिक कोटा असतो, म्हणजे झिम्बाब्वे आणि टांझानियाला वर्षाला ५००, नामिबियाला २५०. दक्षिण आफ्रिकेनं २०१६ आणि २०१७ मध्ये कोटा शून्यावर आणला होता, नंतर सुरू झाला तेव्हा सात वर्षं आणि त्यावरच्या नराचीच अट घातली. केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे. बोत्स्वानानं २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये परत उघडली. म्हणजे मित्रानं पाच वर्षांपूर्वी सांगितलेली माहिती आज खरी असेलच असं नाही, ज्या वर्षी जाताय त्या वर्षीचं परमिट आउटफिटरकडून, म्हणजे शिकार आयोजित करणाऱ्या कंपनीकडून, लेखी मागून घ्या.

रायफलीच्या बाबतीत प्रत्येक देशाचा कायद्यातला किमान आकडा वेगळा. झिम्बाब्वेत बिबट्यासाठी गोळीचा व्यास कमीत कमी ७ मिलिमीटर आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा ३००० ज्यूल लागते. आता गंमत बघा, .२७० विंचेस्टरची गोळी ७.०४ मिलिमीटर भरते, म्हणजे केसभरानं पास होते, आणि हल्ली सगळ्यांच्या तोंडी असलेली ६.५ क्रीडमोर ६.७१ मिलिमीटरची, ती नापास. जुनी ७x५७ माउझर व्यासात बसते, पण काही कंपन्या तिची काडतुसं जरा हलकी भरतात आणि ती ३००० च्या रेषेवरच रेंगाळतात, त्यामुळे खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. दुसऱ्या देशात जाणार असाल तर तिथला आकडा पीएचला विचारा, त्याला तो पाठ असतो.

उजेडाचे नियमही इथंच विचारून ठेवा, कारण दुर्बीण, म्हणजे रायफलीवर बसवलेली नेम धरायची दुर्बीण, त्यावर ठरते. टांझानियात रात्री दिवा लावून शिकार चालत नाही. झिम्बाब्वेत खाजगी रानात चालते, सरकारी सफारी एरियात नाही. जिथं दिवा नाही तिथं तुमच्या हातात फक्त संध्याकाळचा तो शेवटचा पाव तास, आणि सगळं सामान त्या पाव तासासाठी घ्यायचं असतं.

आपल्याकडच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, जुन्नरच्या उसातला असो नाहीतर कुठलाही, त्याला हात लावणं सरळ गुन्हा आहे. हा लेख फक्त आफ्रिकेतल्या परमिटवाल्या शिकारीबद्दल आहे. भारतात राहत असाल तर ट्रॉफी घरी आणायचं मनात धरूनच बुकिंग करू नका, आधी वनखातं आणि कस्टम्सकडून लेखी उत्तर घ्या.

जनावर केवढं असतं

मोठा नर म्हटला तरी साठ-सत्तर किलो, मादी तीस-चाळीस. केपच्या डोंगरातले नर तर आणखी लहान, पस्तीस किलोच्या आसपास. कातडं पातळ, हाडं हलकी, छातीचा पिंजरा अरुंद. म्हणजे ताकदीचा प्रश्न नाहीच, साधं हरण पाडणारी रायफल बिबट्याही पाडते. मग त्याला धोकादायक जनावरांत का मोजतात? कारण जखमी झाल्यावर तो लांब पळून जात नाही, जवळच्या गवतात पोट टेकून बसतो आणि माणूस पाच-सात मीटरवर आला की मगच निघतो, आणि आला की एकाला धरून थांबत नाही, एकामागून एक सगळ्यांवर जातो. दात आणि नखं कुजक्या मांसानं भरलेली असतात, साधा ओरखडासुद्धा चिघळतो.

यातून गोळीबद्दल सरळ एक गोष्ट निघते. आफ्रिकेतल्या रानम्हशीसारख्या जाड जनावरासाठी केलेली कडक गोळी बिबट्यातून सुईसारखी आरपार जाते, आत फुलायला तिला जागाच मिळत नाही, आणि सगळा जोर मागच्या झाडात जातो. आपल्याला हवी ती पटकन फुलणारी मऊ गोळी.

कॅलिबर, थोडक्यात

तुमच्याकडे .३०-०६ असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. १९०६ सालचं काडतूस आहे, १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण ३९०० ज्यूल देते, धक्का सोसण्यासारखा, काडतूस आफ्रिकेतल्या कुठल्याही मोठ्या गावात मिळतं. .३०८ विंचेस्टर तितकीच चांगली, ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम चांगली, .३०० विंचेस्टर मॅग्नम चांगली पण साठ मीटरवर तिच्या जादा वेगाचा काही उपयोग नाही, उलट हलकी मऊ गोळी एवढ्या जवळून इतक्या वेगात लागली की कातडं फार फाटतं, म्हणून .३०० वाल्यांनी १८० ग्रेन किंवा जड गोळीच घ्यावी. युरोपवाल्यांची लाडकी ९.३x६२, १९०५ पासून आफ्रिकेत आहे, तीही मस्त.

.३७५ एच अँड एच मॅग्नमचं जरा सविस्तर सांगतो, कारण नवखे इथंच अडकतात. १९१२ पासूनचं काडतूस, ३०० ग्रेनची गोळी ५७०० ज्यूलच्या आसपास जाते, अनेक देशांत म्हैस आणि सिंहाला किमान तेच लागतं, आणि बरेच लोक एकाच सफारीत म्हैस आणि बिबट्या दोन्ही घेतात. अशा वेळी दोन रायफली न्यायच्या का एक? माझं मत, एकच न्या, .३७५ न्या, पण दोन जातींची काडतुसं न्या. म्हशीसाठी ३०० ग्रेनची कडक बांधणीची, आणि बिबट्यासाठी २५० किंवा २७० ग्रेनची मऊ नाकाची. आणि मग, हे फार महत्त्वाचं, दोन्ही काडतुसं एकाच दुर्बिणीच्या सेटिंगवर साठ मीटरला कुठं लागतात ते घरी कागदावर बघा. काही रायफलींत दोन्ही एकाच जागी लागतात, काहींत चार बोटांचा फरक पडतो. फरक पडत असेल तर म्हशीचं आटपल्यावर बिबट्यासाठी दुर्बीण परत जुळवायची, आणि किती क्लिक फिरवायचे ते दस्त्यावर टेप लावून लिहून ठेवायचं.

फक्त बिबट्यासाठी जाणार असाल तर .३७५ विकत घेऊ नका. तिचा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट असतो, महिना-दोन महिन्यांत त्याची सवय होत नाही, माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि डोळे मिटलेल्याची गोळी मोठी असून काय उपयोग. हाताला बसलेली रायफल नवीन भारी रायफलीपेक्षा केव्हाही चांगली.

काडतूस निवडताना

साधी शिसं-तांब्याची मऊ नाकाची गोळी, म्हणजे हॉर्नाडी इंटरलॉक, रेमिंग्टन कोर-लोक्ट, फेडरल पॉवर-शॉक, विंचेस्टर पॉवर-पॉइंट, यातली कुठलीही बिबट्याला उत्तम. ही स्वस्तातली काडतुसं आहेत म्हणून लोक नाक मुरडतात, पण इथं तीच हवी. नॉस्लर पार्टिशन १९४८ पासून बाजारात आहे, पुढचा भाग पटकन फुलतो आणि मागचा शाबूत राहून आत घुसतो, जरा तिरका नेम मिळाला तर तिचा भरवसा वाटतो, मी स्वतः तीच वापरतो. पूर्ण तांब्याच्या गोळ्या, बार्न्स टीएसएक्स वगैरे, मोठ्या हरणाला छान पण पातळ छातीच्या बिबट्यात कमी फुलतात, त्या घ्यायच्याच झाल्या तर कॅलिबरमधली हलकी घ्या. सॉलिड, म्हणजे अजिबात न फुलणारी गोळी, बिबट्याला कधीच नाही.

एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत भरलेली, काडतुसं घ्या, खोक्यावर लॉट नंबर छापलेला असतो. घरी ज्या लॉटवर दुर्बीण जुळवली तोच लॉट सोबत न्यायचा. किती न्यायची? बिबट्याला एकच लागते, पण तिथं गेल्यावर दुर्बीण तपासायला पाच-सहा, आमिषासाठी इम्पाला, झेब्रा मारायला आठ-दहा, आणि राखीव. चाळीस पुरे होतात. विमानात काडतुसांना माणशी पाच किलोची मर्यादा असते, .३७५ ची चाळीस काडतुसं खोक्यासकट साधारण दोन किलो भरतात, त्यामुळे वजनाची चिंता नाही.

दुर्बीण, इथं पैसे घाला

माझ्या पहिल्या बिबट्याची हकीकत सांगतो, म्हणजे न मारलेल्या. रायफल चांगली होती, दुर्बीण माझी जुनीच, ३-९x४०, म्हणजे तीन ते नऊ पट आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं, कुडू हरणासाठी घेतलेली, बारीक काळ्या रेषांची. दहाव्या दिवशी संध्याकाळी नर आला, फांदीवर उभा राहिला, एकदम आडवा. पीएचनं माझ्या गुडघ्यावर दोनदा टकटक केलं. मी दुर्बिणीत बघतोय, बिबट्या दिसतोय, पण रेषा कुठंच दिसत नाहीत. काळ्या सावलीवर काळी बारीक रेष, विरघळून गेली होती. वर आकाशावर नेली की दिसायची, खाली अंगावर आणली की गायब. अकरा मिनिटं तो खात होता, पीएचनं नंतर सांगितलं अकरा मिनिटं, आणि मी चाप ओढला नाही. त्या संध्याकाळी मी गाडीत एक शब्द बोललो नाही. पण अंदाजानं गोळी झाडली नाही याचं समाधान आजही आहे, कारण त्या गवतात जाणारा मागकाढ्या दोन लेकरांचा बाप होता आणि त्याच दुपारी त्यानं मला त्यांचा फोटो दाखवला होता.

तर दुर्बिणीचा हिशोब असा आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा (किती पट मोठं दिसतं तो आकडा), म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास. ५६ च्या भिंगावर ८ पट ठेवलं तर ७ मिलिमीटर, ४० च्या भिंगावर ८ पट ठेवलं तर फक्त ५. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती ५ च्या आसपासच थांबते, म्हणजे वय झालेल्यांना ५६ च्या भिंगाचा पूर्ण फायदा मिळत नाही, त्यांना ५० चं पुरतं आणि रायफलही हलकी राहते. ३०-३५ वर्षांच्या माणसानं मात्र जरूर ५६ चं घ्यावं. अंधार पडत चालला की मोठेपणा वाढवायचा नाही, कमी करायचा, नवखे नेमकं उलटं करतात, नीट दिसत नाही म्हणून बारा पटीवर नेतात आणि चित्र आणखी काळं होतं. साठ मीटरला पाच-सहा पट भरपूर.

रेषा जाड हव्यात, जर्मन नंबर ४ सारख्या, तीन जाड दांडे आणि मध्ये बारीक. आणि मधोमध लाल ठिपका पेटणारी असेल तर घ्याच. पण ठिपका अगदी मंद करता आला पाहिजे, दुकानात दिवसा बघून कळत नाही, दिवे घालवून बघायला सांगा, भडक ठिपक्यानं डोळा दिपतो आणि मागचा बिबट्या दिसेनासा होतो. झाइस, श्वारोव्स्की, श्मिट अँड बेंडर यांच्या २.५-१०x५० किंवा ३-१२x५६ वर्गातल्या दुर्बिणी त्याच कामासाठी असतात, महाग आहेत, रायफलीपेक्षाही महाग पडतील, आणि मी म्हणेन रायफल सेकंडहँड घ्या पण दुर्बीण चांगली घ्या. जास्तीची बॅटरी खिशात, बॅगेत नको.

भाड्याची रायफल घ्यायची असेल तर

भारतातून जाणाऱ्यांनी माझ्या मते भाड्याचीच घ्यावी. आर्म्स लायसन्सवरची रायफल देशाबाहेर नेणं-आणणं म्हणजे कागदांचा ढीग, शिवाय वाटेतल्या प्रत्येक विमानतळाचे वेगळे नियम. बहुतेक आउटफिटर कॅम्पची रायफल देतात. पण देतात म्हणून डोळे झाकून घेऊ नका. निघण्याच्या आधी विचारा, कॅलिबर काय, दुर्बीण कुठली, किती जुनी, काडतूस कुठल्या गोळीचं. दुर्बिणीचा फोटो मागवा. उत्तर "सगळं मस्त आहे" एवढंच आलं तर परत विचारा.

मला एकदा एका कॅम्पवर दिलेल्या रायफलीनं सकाळी कागदावर तीन गोळ्या तीन गावांना मारल्या. मला वाटलं माझाच हात हलतोय. शेवटी दुर्बिणीवर अंगठा ठेवून दाबलं तर ती हलली, पकडीचे स्क्रू ढिले, कुणी कित्येक महिन्यांत बघितलेच नव्हते. त्यामुळे भाड्याची रायफल हातात आली की पहिलं काम, स्क्रू सगळे आवळून घ्या, छोटा पाना घरून सोबत न्या. दुसरं, दस्ता खांद्याला लावून गाल टेकवा आणि डोळे मिटा, मग उघडा, दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी कोर दिसली तर दुर्बीण पुढं-मागं सरकवून घ्या. डोळा आणि काच यांत वीतभर नाही तरी आठ-नऊ सेंटिमीटर अंतर हवंच, नाहीतर .३७५ च्या धक्क्यानं भुवई फुटते, असे बरेच कपाळ बघितलेत. आणि तिसरं, निदान सहा गोळ्या झाडल्याशिवाय लपणात जायचं नाही, आउटफिटर काडतुसं महाग आहेत म्हणाला तर पैसे द्या.

स्वतःची नेणाऱ्यांसाठी थोडक्यात, दक्षिण आफ्रिकेत उतरून पुढं जाणार असाल तर तिथल्या पोलिसांचा एसएपीएस ५२० फॉर्म आधी भरून, सही मात्र तिथं अधिकाऱ्यासमोर. रायफलीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक-एक आकडा जुळवून बघा. सेमी-ऑटोमॅटिक घरी ठेवा. काडतुसं रायफलीच्या पेटीत नकोत, वेगळ्या कुलूपबंद डब्यात.

जुळवणी आणि सराव

दोनशे मीटरला जुळवलेली रायफल घेऊन बिबट्याला जाऊ नका. लपण ते आमिष अंतर साधारण पन्नास ते ऐंशी मीटर असतं, पीएचला आधीच विचारा आणि तेवढ्यावरच जुळवा. साठ मीटरवर बसून, टेकून, थंड नळीतून तीन गोळ्या पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात आल्या पाहिजेत. थंड नळी म्हणतोय कारण बिबट्यावर जाणारी गोळी थंड नळीतूनच जाते, दिवसाची पहिली गोळी कुठं लागते तेच खरं, चौथी-पाचवी नाही.

आता सराव. रेंजवर भर दुपारी टेबलावरून शंभर गोळ्या झाडण्यापेक्षा हे करा: खुर्चीत बसा, रायफल पुढं बेचक्यात आणि मागं पिशवीवर टेकवून ठेवा, वीस मिनिटं हलू नका, मग हळूच दस्त्याला गाल लावा, सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, काढा आणि एकच गोळी झाडा. मग परत वीस मिनिटं. रोज दोन-तीनच गोळ्या. मोठ्या काडतुसाचा खर्च झेपत नसेल तर .२२ वर करा, सवय तीच लागते. ज्या रेंजवर परवानगी मिळेल तिथं सूर्य बुडताना करा.

सेफ्टीचा आवाज हा खास विषय आहे. शांत रानात तो "टिक" बिबट्याला साठ मीटरवर व्यवस्थित ऐकू जातो, आणि तो आवाज रानातला नाही हे त्याला कळतं. सेफ्टी एका बोटानं ढकलायची नाही, अंगठा आणि तर्जनीत धरून, उलट दाब देत, केसभर-केसभरानं सरकवायची. घरी रिकाम्या रायफलीवर दोनशे वेळा करा, टीव्ही बघताना करा, बायको वैतागली तरी करा, पण दरवेळी आधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, उघडून रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा. काही पीएच काडतूस चेंबरमध्ये भरायला तुम्ही बसल्यावर सांगतात, तेही आवाज न करता बोल्ट कसा लावायचा ते शिकून ठेवा.

लपणात बसल्यावर

चांगला पीएच आमिष अशा झाडावर बांधतो की संध्याकाळी त्याच्या मागं पश्चिमेचं आकाश यावं, म्हणजे अंधारातही बिबट्याची आकृती उजळ आकाशावर उठून दिसते. आमिष तारेनं घट्ट असतं, त्याला ओढून नेता येत नाही, आणि वरून फांद्या टाकून गिधाडांपासून झाकलेलं असतं. बसल्याबसल्या रायफल बेचक्यात ठेवून आमिषावर रोखून घ्या, नळीचं तोंड लपणाच्या भिंतीच्या बाहेर काढा, आत राहिलं तर आवाजानं कान बधिर होतात आणि गवत उडतं. कपडे मऊ सुती किंवा लोकरीचे, त्या कचकच वाजणाऱ्या जॅकेटनं मी एक संध्याकाळ वाया घालवलेली बघितलीय. खोकला येत असेल तर त्या दिवशी सरळ सांगा आणि कॅम्पवर थांबा.

बिबट्या आला तरी लगेच घाई नाही. तो आधी झाडाखाली बसून ऐकतो, मग चढतो, मग परत इकडं-तिकडं बघतो. आधी नर आहे याची खात्री पीएच करतो, रुंद डोकं, जाड मान, गळ्याखाली लोंबणारी कातडी, मागून अंडकोश. त्यानं खूण केल्याशिवाय सेफ्टीला हात लावायचा नाही. खायला लागला, मान खाली गेली, अंग आडवं झालं, की मग पुढच्या पायाची मागची कड धरून वर या, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या जरा वर, तिथं. मांजरकुळात काळीज हरणापेक्षा किंचित मागं असतं, त्यामुळे हरणाच्या सवयीनं अगदी फऱ्यावर, म्हणजे खांद्यावर, पुढं नेम धरू नका. एक पाय पुढं ताणून फांदीवर ओणवा असेल तर फरा सरकलेला असतो, पायाकडे बघून फसायला होतं, अशा वेळी छातीचा पिंजरा डोळ्यांनी शोधा. ठिपक्यांच्या गर्दीत नजर हरवते, म्हणून एक ठिपका निवडा आणि त्याच्याकडेच बघा. समोरून तोंड करून असेल तर थांबा. डोक्यावर कधीच नाही.

आणि दिसत नसेल तर झाडू नका. उद्या परत येईल, नाही आला तर नाही.

गोळी सुटल्यावर

लगेच दुसरं काडतूस भरा, आता आवाजाची पर्वा नाही, आणि दुर्बिणीतून झाडाखाली बघत राहा. उठायचं नाही, बोलायचं नाही, कान द्यायचे. जड पोतं पडल्यासारखा धप्प आवाज आला आणि मग शांतता, तर बहुतेक काम झालंय. गवत सळसळत लांब गेलं किंवा गुरगुर ऐकू आली तर नाही झालेलं. पीएच कुजबुजत विचारेल, रेष कुठं होती, कसं वाटलं. खरं सांगा. नेम हलला असेल, मागं लागली असं वाटत असेल तर तेच सांगा, चांगलं दिसावं म्हणून छान लागली म्हणू नका, तो त्यावरच ठरवणार असतो की आत्ता जायचं, अर्ध्या तासानं जायचं का सकाळपर्यंत थांबायचं.

पीएच शोधायला गेला तर बहुतेक बारा बोअरची बंदूक घेऊन जातो, जाड छर्ऱ्यांची काडतुसं घालून, किंवा त्याची दुनळी रायफल घेऊन. छर्रे दहा मीटरच्या आतच कामाचे, त्यापुढं ते कातड्यातच अडकतात, यावर पीएच लोकांत वाद आहेत आणि ज्याला जे जमतं ते त्यानं घ्यावं. तुम्हाला गाडीत बसायला सांगितलं तर गाडीत बसा, काच वर घ्या, चेंबर रिकामी करून रायफल बाजूला ठेवा, अंधारात घाबरून तुम्ही झाडलेली गोळी त्याच माणसांच्या दिशेनं जाते. जखमी होऊन न सापडलेल्या बिबट्याचेही पूर्ण पैसे लागतात आणि तो कोट्यात धरला जातो, हे करारात आधीच वाचलेलं असू द्या, म्हणजे त्या रात्री त्यावर बोलणं निघणार नाही. टॉर्च त्यांच्याकडं असतो, तुम्ही फक्त गाडीचा दिवा त्यांनी सांगितल्याशिवाय लावायचा नाही, आणि त्यांनी हाक मारेपर्यंत दार उघडायचं नाही.